आत्याचा तांब्या

“पोर शिकली कॉन्व्हेंटात, पण सोवळं बघा कसं कडक!” डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून आत्या शेजारच्या बाईंना सांगत होती. “नाहीतर आमच्या कॉलनीतल्या मुली. चपला घालून थेट चुलीपर्यंत!”

बाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते पदराखाली घेतले. पेरं फुटली होती, साबण लागला की चुरचुरायची.

पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात मी बाटल्या तपासायचे. आत जाण्याआधी तिथे सगळ्यांनाच हात धुवावे लागत, म्हणून माझं सारखं हात धुणं कुणाला खटकलं नाही. घरी आत्या. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. हात धुऊन नळ बंद केला की नळाचा मळ लागला असं वाटून मी पुन्हा धुवायला लागायचे. आत्या कौतुकाने तांब्या घेऊन यायची. “थांब, नळाला शिवू नकोस, मी घालते पाणी.” ती घालत राही, मी धूत राही. शिफ्टची गाडी चुकायला लागली, साहेबांनी समज दिली, तेव्हा मात्र मी घाबरले. ती नोकरी मला फार आवडायची.

कारखान्याच्या दवाखान्यात मी एकटीच गेले. डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, “नुसत्या मलमाने भागणार नाही. पुण्यात मनाच्या आजारांचे डॉक्टर आहेत, त्यांना भेटा.” घरी मी ‘मोठे डॉक्टर’ एवढंच सांगितलं. लग्नाच्या मुलीला एकटीला कोण सोडतंय? प्रवासात सोवळ्याला चालतील अशा दुधातल्या दशम्या बांधून आत्या बरोबर निघाली.

त्या डॉक्टरांकडे पुढे मी बरेच महिने जात होते. हळूहळू गुण आला. आज कणीक मळताना कुणी आलं तर मी तशाच हाताने कडी काढते आणि मला त्याची गंमत वाटते. पण त्या दिवशी सगळं आत्याच्याच हातात होतं.

“थंडीत उलतात हो हात,” आत गेल्या गेल्या ती म्हणाली. “एखादं जालीम मलम द्या. स्थळं बघतोय. चहाचा कप पुढे केला की आधी हातच दिसतात.”

डॉक्टर हसले. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच इंग्रजीत विचारलं, धुताना थांबावंसं वाटतं का?

आत्याला इंग्रजी कळत नव्हतं. मला तर अवघड गोष्टी इंग्रजीतच बोलता यायच्या. तिथल्या तिथे सांगून मोकळी झाले असते, तिला पत्ताही लागला नसता. पण संध्याकाळी घरी गेल्यावर ती पुन्हा तांब्या भरून उभी राहिली असती.

मी हात पदराबाहेर काढले आणि तिच्याकडे वळले.

“आत्या, हे सोवळं नाही गं. मला थांबताच येत नाही. उद्यापासून माझ्या हातांवर पाणी घालू नकोस.”