अंबूनं कापलेलं लुगडं

माझी बायको अंबू, तिला जाऊन दीड महिना झाला. गेली तेव्हा मी मागावर बसलो होतो. सून शेवंता दारात येऊन म्हणाली, "मामंजी, आत्याबाई उठनात." धोटा खाली ठेवला, मागाच्या खड्ड्यात सोडलेले पाय वर काढले आणि तिच्याकडं गेलो. सकाळीच चहात गूळ कमी पडला म्हणून ती माझ्याशी भांडली होती. बरं झालं. शेवटचं बोलणं रोजच्यासारखंच झालं.

मी शिकलो दुसरीपर्यंत. पण तिच्याबद्दल लिहायला पंडित कशाला पाहिजे? भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत ज्या पोरांच्या दंडावर देवी टोचल्याचा वण आहे, त्यातली निम्मी तिनं हात धरून टोचवून घेतलेली.

आमची गल्ली विणकरांची. देवी डॉक्टर आला की आम्ही तान्ही पोरं मागाच्या खड्ड्यात लपवायचो. पाय सोडून बसायचा खड्डा तो, वर ताणलेलं सूत, शोधणार कोण? पोर रडलं तर माग जोरात चालवायचा, म्हणजे आवाज बाहेर जात नाही. ही आमची हुशारी. डॉक्टर तरी काय करायचा, पोराला फळीवर उताणं टाकायचा, दोघं जण हातपाय दाबायचे, पोर काळंनिळं पडेस्तोवर ओरडायचं. बघवत नव्हतं. आमचा पहिला सोनू, त्याला मीच खड्ड्यात ठेवला होता. त्याच उन्हाळ्यात गल्लीत देवी आल्या आणि तो गेला. अंबू मला एका शब्दानं बोलली नाही. दुसरा मुलगा झाला, त्याला तिनं स्वतः नेऊन टोचून आणलं, आणि त्याचं ते ओरडणं ऐकून दिवसभर जेवली नाही.

त्याच मुलाचं पोर, माझा नातू, चार महिन्यांचा झाला आणि डॉक्टर आला. शेवंतानं पोर आणून माझ्या पायाशी ठेवलं. "मामंजी, चालवा माग." मी चालवला. खोटं कशाला सांगू... अंबू कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत होती. उठली, माझा हात धरला. "बंद करा."

पोराला वर काढून सुनेला म्हणाली, "चल. अंगावर पाजत पाजत टोचू. कान टोचताना न्हाय का, तोंडात दूध असलं की पोरगं लई रडत न्हाय."

"अवो आत्याबाई, परक्या बाप्यापुढं पाजू व्हय?"

अंबूनं मागावरून उतरवलेलं नवं लुगडं ओढलं, कात्रीनं हातभर तुकडा कापला आणि मधोमध चीर पाडली. मी ओरडलो, "डोकं फिरलं का तुजं? आठवड्याचं काम हाय ते."

माझ्याकडं न बघता म्हणाली, "सोनूबी नऊ म्हैन्याचं काम हुतं."

एवढंच. आयुष्यात एकदाच बोलली.

ओट्यावर शेवंता पाजायला बसली, अंगावर तो तुकडा, आणि चिरेतून पोराचा इवलासा दंड तेवढा बाहेर. डॉक्टर म्हणाला, "बाई, फळीवर ठेवा. मी काय इथं वाकत बसू?"

अंबू म्हणाली, "वाका की. कांड्या भरताना आमी जल्मभर वाकतोय."

वाकला बिचारा. अंबूनं पोराचा हात हलकेच धरला, अंगठ्यानं कुरवाळत राहिली. टोचलं तसं पोर एकदा रडलं, आणि मग... पुन्हा प्यायला लागलं. माझा माग बंद होता म्हणून ते घुटके मला आतपर्यंत ऐकू आले. समोरचं दार किलकिलं झालं, मग शेजारचं. त्या दिवशी आमच्या ओट्यावर रांग लागली. पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरनं फळी आणलीच नाही, अंबूकडं चहा मात्र मागितला.

मागल्या आठवड्यात डॉक्टर पुन्हा आला. शेजारची लेक बाळंतपणाला आलेली, तान्हं घेऊन दारात उभी. "आजोबा, आजीचं ते लुगडं द्या की." खुंटीवरून काढून दिलं. चिरेच्या कडा उसवू नयेत म्हणून अंबूनं टाके घातलेत, वाकडेतिकडे. शिवणं तिला कधी जमलं नाही. बाळाचा हात धरायला शेवंता बसली, आपण होऊन.

मी माग थांबवला. पाय खड्ड्यात सोडून बसून राहिलो. पोर एकदा रडलं, मग चुटूचुटू पिण्याचा आवाज आला. त्याचं पोट भरेस्तोवर मी धोटा उचलला नाही.