शाकारलेली गाडी

पावसाळ्याआधी आमच्याकडे होड्या शाकारतात. होडी ओढून वर घेतात, खाली ठोकळे देतात, फळ्यांना माशाचं तेल चोपडतात, वरून झाकतात आणि नारळी पुनवेपर्यंत तिच्याकडे बघत नाहीत. माझ्या सासऱ्यांनी गेल्या मे महिन्यात हे सगळं एका स्पोर्ट्स सेडानला केलं.

गाडी माझ्या नवऱ्याची. तो जहाजावर इंजिनियर होता. सगळा जन्म बैलगाडीच्या वेगाने समुद्र ओलांडण्यात गेला म्हणून की काय, जमिनीवर त्याला वेग हवा होता. मुंबईतल्या कुणाकडून ही वापरलेली गाडी घेऊन तो रत्नागिरीत आला तेव्हा मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड. गाडीचं पोट इतकं खाली की आमच्या आळीच्या तोंडाशी असलेला गतिरोधकही तिला सरळ ओलांडता येत नसे, तिरकी घालावी लागे. टायर तर शर्यतीच्या गाडीचे. रबर मऊ, कड दोन बोटांएवढी, कोरड्या रस्त्यावर चिकटून चालणारे. पूर्णगडच्या उतारावर एकदा पावसात गाडी घसरली, बांधाला टेकून थांबली, आणि तो घाम पुसत म्हणाला, ‘यंदा बारमाही टायर घालतो.’ हे तो दर पावसाळ्यात म्हणत असे.

शिमग्याच्या आधी तो गेला. छातीत आदल्या दिवसापासून दुखत असणार, असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

माझं तोंड म्हणजे तोफखाना, असं माहेरी, सासरी आणि कचेरीतही मानतात. मी भांडी आपटते, फोनवर ओरडते, भाजीवाल्याशी वाद घालते. नवरा जहाजावरून घरी आला की पहिल्या दिवशी म्हणायचा, ‘ओरड जरा, घरी आल्यासारखं वाटू दे.’ तो गेल्यावर माझं ओरडणं थांबलं. रडणंही आलं नाही. बायका भेटायला येत, माझा हात धरून बसत, ‘रडून घे गो’ म्हणत, आणि मी त्यांना चहा करून देत असे. साखर बरोबर पडायची. कचेरीत शिपायाने भलत्याच साहेबाकडे फाइल नेली तरी मी ‘असू दे’ म्हटलं, तेव्हा तो बिचारा घाबरून दोनदा माफी मागून गेला. मला वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ असतो तशी मी होते, जागेवर पण माझी नाही.

बाबा, म्हणजे माझे सासरे, नाटे बंदरातल्या आपल्या घरून बाराव्याला आले आणि राहिले. जन्मभर मासेमारीच्या बोटीवर तांडेल, दहाबारा खलाशांना हुकूम देणारा माणूस. आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघंच. जा असं मी म्हणाले नाही, राहा असंही म्हणाले नाही. ते सकाळी पडवीत बसत आणि गाडीकडे बघत.

मे महिन्यात एक दिवस मी कचेरीतून आले तर गाडी जमिनीपासून वर. जॅक लावून, खाली जांभ्याचे चिरे आणि वर फणसाच्या फळ्यांचे तुकडे ठेवून बाबांनी ती चारी चाकांनी अधांतरी केली होती. वर ताडपत्री, ताडपत्रीवर जाळं, जाळ्याला दगड. वारा आला असता तर घर उडालं असतं, गाडी नाही. ‘उभ्या गाडीचे टायर भेगाळतात,’ ते म्हणाले, ‘म्हणून तेल दिलंय. दोन हात.’ पुतण्याकडून डबा मागवला होता. होडीच्या फळ्यांना देतात तेच, माशाचं. मला काही वाटलं नाही. वास आला, एवढंच.

नंतर मांजरं यायला लागली. आमच्या आळीतली, पलीकडच्या आळीतली, ओळख ना पाळख. लोक ज्या गाडीकडे वळून बघायचे तिच्याखाली आता सात-आठ मांजरं टायर चाटत बसलेली असायची. नवऱ्याला हे कळलं असतं तर जहाज सोडून आला असता, असा विचार मनात आला, आणि मग तो येणार नाही हाही आला, आणि दोन्ही विचार सारखेच सपाट होते.

आषाढात मांजरांनी ताडपत्रीचा एक कोपरा फाडला म्हणून मी तो बांधायला खाली वाकले. आधारासाठी हात टायरवर ठेवला. रबर हाताला चिकटलं. फुगलं होतं, आणि अंगठा दाबला तर शिळ्या जेलीसारखा खळगा पडून तसाच राहिला. मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर टायरचं दुकान आहे, तिथल्या मालकांना बोलावलं. त्यांनी बघितलं, हुंगलं, माझ्याकडे बघितलं.

‘तेल कुणी लावलं?’

‘घरात.’

‘रबराला तेल म्हणजे वैरी, बाई. ही गाडी गेटापर्यंतसुद्धा नेऊ नका.’

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पण माझी पंचाईत टायरची नव्हती. त्याच आठवड्यात रात्री जेवताना बाबा म्हणाले होते, ‘पुनवेला गाडी उतरवायची हां, बाय. शाकारलेली होडी पुनवेला दर्यात गेलीच पायजे. नाय गेली तर ती मरते. आपण तिच्यातनं नाट्याला जाऊ, नारळ घालू.’

‘वर्ष झालं नाही अजून. सण कसा करायचा?’

‘सण वेगळा. दर्याचा मान वेगळा.’

इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच पुढचं काही बोलले होते. दरसाल मुलगा घरी असला की त्यांना नारळी पुनवेला किनाऱ्यावर न्यायचा. आता मुलगा नव्हता, निदान त्याची गाडी त्यांनी जपली होती, असं ते समजत होते. तुमच्याच हाताने ती मारलीत, हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार होते? मला दुःख होत नव्हतं, पण एवढं कळत होतं की हे त्यांना कळलं तर ते पडवीतून उठायचे नाहीत. म्हणून पुनवेच्या आत टायर हवे होते, आणि गुपचूप हवे होते. आणि घालायचेच तर त्याने म्हटलेले घालायचे, बारमाही.

मारुती मंदिराजवळच्या दुकानदाराने आधी मला खुर्ची दिली, मग म्हणाला, ‘आपल्याकडे सगळेच टायर बारमाही, बाई. बर्फ कुठे पडतोय?’ माप सांगितल्यावर त्याने खुर्ची परत मागितली नाही एवढंच. पुढचे दोनशे पंचेचाळीस, चाळीस, एकोणीस. मागचे दोनशे पंचाहत्तर, पस्तीस, एकोणीस. रत्नागिरीत रिक्षाचे टायर मिळतात, आंब्याच्या टेम्पोचे मिळतात, ट्रकचे मिळतात. पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे म्हटल्यावर एकजण म्हणाला, ‘म्हणजे ट्रॅक्टर?’ चिपळूणला विचारलं. कोल्हापूरला विचारलं, त्यांनी पुण्याला विचारा म्हणून सांगितलं, पुण्याने मुंबईला. मुंबईचा माणूस इंग्रजीत म्हणाला की या गाडीला बारमाही टायर कुणी घालत नाही, पकड कमी होते, गाडीचा अपमान आहे तो. मी म्हटलं, अपमान चालेल.

खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. बाकी कुणी फोन केला की ‘कशी आहेस?’ विचारायचं आणि त्याला उत्तर द्यावं लागायचं. या लोकांना फक्त आकडे हवे होते. दोनशे पंचेचाळीस, चाळीस, एकोणीस. भाजी चिरताना, कचेरीत शिक्के मारताना मी ते मनातल्या मनात म्हणत असे. त्यात नवरा नव्हता, मी नव्हते. जपासारखं होतं, पण देवाकडे काही मागणं नसलेलं.

शेवटी कोल्हापूरचे एक गृहस्थ म्हणाले, ‘आहेत.’ टायर आले, मिरजोळ्याला उतरले. मालकांनी प्लास्टिक काढलं आणि मला बोलावून घेतलं. माप बरोबर होतं, पण बारमाही टायरच्या कडेवर एम आणि एस अशी अक्षरं असतात ती नव्हती. होते तेच उन्हाळी, शर्यतीचे. मी कोल्हापूरला फोन लावला आणि शांतपणे म्हणाले, चुकीचे आलेत, परत पाठवते. तो माणूस दिलगिरीही न दाखवता ‘बघा काय ते’ म्हणाला. मी बरं म्हणून फोन ठेवला.

मालक माझ्याकडे बघत राहिले. गेल्या वर्षी साधा पंक्चरचा तुकडा नीट बसला नाही म्हणून याच दुकानात मी काय तमाशा केला होता ते त्यांना आठवत असणार. ‘बाई,’ ते म्हणाले, ‘तुम्ही त्याला बोलला का नाहीत?’

‘काय बोलू?’

 त्या संध्याकाळी त्यांनीच कुठे कुठे फोन केले. पुण्यात, परदेशी जाताना गाडी विकलेला एक माणूस सापडला, ज्याने असे चार टायर मागवून घरात ठेवून दिले होते. ते रात्रीच्या बसच्या टपावरून आले. कडेवर अक्षरं होती, रबर कोरं होतं. पुनव तोंडावर आली होती.

मालक टेम्पो घेऊन घरी आले, चाकं काढून नेली, नवे टायर चढवून आणली. बाबा पडवीतून सगळं बघत होते. मी आधीच सांगून ठेवलं होतं, ‘जुने झाले होते ते. तोच बदलणार होता.’ बाबा ‘हां’ म्हणाले. चिरे काढून गाडी खाली उतरवली तेव्हा त्यांनी चारी चाकांपुढे लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि तोंडातल्या तोंडात गाऱ्हाणं घातलं. मालक जुने टायर टेम्पोत टाकायला लागले तर म्हणाले, ‘ते गाडीत घाला. नाट्याला न्यायचे.’

दोन डिकीत गेले, दोन मागच्या सीटवर. या सीटवर नवरा मला शेंगासुद्धा खाऊ देत नसे. बाबांनी खाली ताडपत्री घातली, तरी तेलाचा वास गाडीभर झाला. मी फक्त काचा खाली केल्या.

पुनवेला आम्ही निघालो. पावस गाव मागे पडलं, पूर्णगडचा उतार आला आणि नेमकी तिथे सर आली. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ, गुपचूप थांबली, शाळेतल्या शहाण्या मुलीसारखी. इतकी साधी पकड हवी होती, आणि ती दर पावसाळ्यात पुढच्या पावसाळ्यावर गेली, असं मनात आलं.  मी गिअर टाकला.

नाट्याच्या बंदरात बोटींना पताका लागल्या होत्या. बोटी धक्क्याला आपटू नयेत म्हणून त्यांच्या कडेला जुने टायर बांधतात, ट्रकचे वगैरे. बाबांच्या पुतण्याने आमचे चार टायर उचलून नेले आणि दोराने आपल्या बोटीला बांधले. जगातल्या चांगल्या रस्त्यांसाठी बनवलेले टायर माशाच्या वासासकट माशांच्या बोटीला लागले. बाबांनी पाण्यात नारळ सोडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

‘आषाढातच कळलेलं मला. नख लावून बघितलं, तर आत गेलं.’

मी बोटीला बांधलेल्या टायरकडे बघितलं.

‘मीच घालवले. तो असता तर केवढा वरडला असता. तू तरी वरडशील म्हणून वाट बघत होतो. रोज जेवताना वाटायचं, आज वरडेल. तू आपली भात वाढायचीस.’ त्यांनी टोपी काढली, परत घातली. ‘घरात कोणी वरडतच नाय, बाय. माणूस गेलं ते गेलं, पण घर पण गेलं काय?’

‘रबराला तेल लावतात का?’ मी म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. मग तो वाढला. ‘विचारायला काय झालं होतं? घरात दुसरं माणूस नव्हतं? जो तो आपल्या मनाचा राजा. मी सगळीकडे फोन करत फिरते, ट्रॅक्टर का म्हणून विचारतात मला, आणि तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात?’ बोटीवरचे लोक वळून बघायला लागले. ‘गप्प बसायचं, ही एकच विद्या तुमच्या घराण्यात. दुखतंय तर दुखतंय म्हणायला तोंड नाही? आदल्या दिवसापासून दुखत होतं ना? मी काय, शेजारच्या घरात राहत होते? एक हाक मारायची होती. मी गाडी काढली असती. पावसाळा पण नव्हता, रस्ता कोरडा होता, तेच टायर चालले असते…’

तिथे मला कळलं की मी कुणावर ओरडते आहे. तरी मला थांबता येईना. नाकातून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी पदराने पुसत ओरडत होते.

बाबा समोर मान खाली घालून उभे होते. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी वर बघितलं. त्यांचेही डोळे भरले होते.

‘अजून वरड,’ ते म्हणाले.