काटा सत्तरावर

माझी बदली मालवणच्या गस्ती तुकडीवर झाली तेव्हा बांद्याला आमच्या घरी पेढे वाटले. घराजवळ पोस्टिंग, रोज ताजे मासे, महिन्याकाठी घरी फेरी, असं सगळ्यांना वाटलं. कसलं काय! दोन वर्षांत मी दोनदा घरी गेलो, आणि दुसऱ्यांदा गेलो तो नुसता परसात बसून राहिलो.

सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. तुकडी म्हणजे एक जेटी, एक पत्र्याची शेड आणि एक बोट. बोटीचं नाव लिहीत नाही. जुळ्या हाय-स्पीड डिझेल इंजिनांची होती, आणि त्या टापूत तेवढी एकच होती. मी पेटी ऑफिसर, इंजिन रूमचा इन-चार्ज. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट रानडे, पुण्याचे, वय सव्वीस. आणि माझ्या हाताखाली लीडिंग मेकॅनिक दत्ताराम परब, धामापूरचा.

दत्ता माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मला भाऊ म्हणायचा, पण शेडमध्येच. बोटीवर पाय ठेवला की मी 'चीफ' आणि भाषा पुस्तकी. ड्युटीवर मालवणी बोलायची नाही हा त्याचाच नियम. मी एकदा सवयीने "रे दत्ता, पानो खंय ठेवलंस?" म्हटलं तर साहेबांच्या देखत मला म्हणतो, "चीफ, पाना टूलबॉक्समध्ये आहे." असा आगाऊ! माझं डोकं तापट, पण त्याच्यावर राग टिकत नसे.

रोजचं काम ठरलेलं. सहाला इंजिन चेक, सातला गस्त. समुद्रावर दर अर्ध्या तासाने इंजिन रूममधून इंटरकॉमवर रीडिंग वर सांगायचं, वर कोणीतरी ते लॉगमध्ये लिहायचं. आरपीएम, टेम्परेचर, ऑइल प्रेशर. शेवटी 'नॉर्मल'. वर्षानुवर्षं हेच. पुढे पुढे 'नॉर्मल' हा शब्द माणूस कानाने ऐकत नाही, नुसता लिहितो.

पावसाळ्यात बोट दुरुस्तीला गोदीत ओढली. तिथे पल्ला वाढवण्यासाठी जादा डिझेलची टाकी बसवली. टाकीला जागा हवी म्हणून दोन्ही ऑइल कूलर इंजिनांच्या बगलेतून काढून मागच्या भिंतीवर नेले. आधी इंजिन ते कूलर अंतर हातभर होतं आणि ऑइल लाइन पाऊण इंची होती. आता जायला दहा फूट, यायला दहा फूट, वर चार कोपरे. एवढ्या लांबीचा पाऊण इंची होज, म्हणजे रबरी नळी, गोदीवाल्यांकडे नव्हता. मग त्यांनी हायड्रॉलिकचा होज लावला. बाहेरून मनगटाएवढा जाड, आत तारेची दुहेरी जाळी, भोक अर्ध्या इंचाचं. म्हणे याला जास्त प्रेशर झेपतं. शिरा पडो त्यांच्या तोंडावर. आम्हाला फुटणारा होज नको होता हे खरं, पण त्याहून जास्त आम्हाला वाहणारा होज हवा होता.

हे जरा नीट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंजिन जितकं जोरात फिरतं तितकं त्याच्या बेअरिंगला तेल जास्त लागतं. लाइन लांबली, कोपरे वाढले, की तेलाला अडथळा वाढतो, म्हणून लाइन मोठी घ्यावी लागते. इथे एक इंची हवी होती. व्यास दुप्पट केला की आतली जागा चौपट होते. अर्ध्या इंचातून तेल पुरेसं जात नाही, पंपापाशी तुंबतं, मग तिथला रिलीफ व्हॉल्व उघडतो आणि तेल पुढे न जाता परत तळाला पडतं. आणि आमच्या प्रेशर गेजची नळी होती त्या पंपापाशीच. त्यामुळे इंजिन तहानेलं असताना काटा सत्तरावर ठाम. जरासुद्धा हलायचा नाही.

दत्ताने हे शेडमध्ये कॅरमच्या सोंगट्या मांडून बाकीच्या पोरांना समजावलं. "आमच्या धामापूरचा तळां भरलेलां आसा, म्हणान शेवटच्या माडाक पाणी पोचता काय? मधलो पाट बघूक नको?"

जेटीला बांधलेल्या बोटीवर आम्ही ऑइल लाइनच्या इंजिनात शिरणाऱ्या टोकाला दुसरा गेज लावला आणि इंजिन फुल दिलं. वरचा काटा सत्तर. खालचा वीस. लेफ्टनंट रानडे स्वतः खाली वाकून बघत होते. त्यांना कळत नव्हतं असं मुळीच नाही.

"चीफ, हा गेज कायमचा इथे ठेवला तर?"

"वीस दाखवेल, सर. तिसाच्या खाली बोट नॉन-ऑपरेशनल. नियम आहे."

त्यांनी शेडमध्ये जाऊन वरिष्ठांना फोन केला. मी शेजारी उभा होतो. पलीकडून काय बोललं गेलं ते ऐकू आलं नाही, पण साहेबांचं "सर, पण" चार वेळा ऐकलं. फोन ठेवून ते म्हणाले, "किनाऱ्यावर एकच बोट आहे, ती बंद ठेवता येणार नाही. एक इंची होजची मागणी मंजूर आहे, येईल. तोवर मूळचाच गेज राहील. आपण अठराशे आरपीएमच्या वर जायचं नाही."

अठराशेला खालचा गेज पस्तीस दाखवत होता. म्हणजे हळू गेलं तर चालत होतं. दत्ताने दुसरा गेज काढला, तिथे प्लग बसवला. "चीफ, माझं एक ऐका," तो म्हणाला. "होज आला की आधी डाव्या, पोर्ट इंजिनला लावू. त्याचा आवाज मला आवडत नाही."

होज येईना. मी दर आठवड्याला स्टोअर्सला फोन करायचो. 'पाठवतो' हे एकच उत्तर. एकदा मी इतका ओरडलो की शेडमधल्या पोरांनी रेडिओ बंद केला.

तो दिवस दिवाळीनंतरचा. सकाळपासून वारा चढत होता. दुपारी दोनच्या सुमारास रेडिओवर मेसेज आला. मासेमारीचा एक ट्रॉलर, वर चार माणसं, इंजिन बंद, खडकांच्या दिशेने वाहतोय. आम्ही दहा मिनिटांत सुटलो.

बाहेर समुद्र खवळलेला. अठराशेवर बोट लाटांना तोंड देत जेमतेम पुढे सरकत होती. दुर्बिणीतून ट्रॉलर दिसला. एक माणूस टपावर चढून लुंगी हलवत होता. त्याच्या मागे खडकांवर पांढरा फेस. साहेबांनी अंतराचा हिशेब केला, मग माझ्याकडे बघितलं. या चालीने आम्ही वेळेत पोचत नव्हतो.

त्यांनी इंटरकॉम उचलला. खाली इंजिन रूममध्ये दत्ता होता. "परब, फुल पॉवर हवी. देता येईल?"

"देता येईल, सर. किती वेळ टिकेल ते सांगता येणार नाही."

"चीफ?"

काय सांगणार? चार माणसं समोर दिसत होती. मी म्हटलं, "द्या, सर. पण परबला वर बोलवा."

"परब, वर या."

"सर, इथे कान ठेवायला कोणीतरी हवं. आवाज बदलला की सांगतो, तुम्ही थ्रॉटल मागे घ्या. नाहीतर इंजिनही जाईल आणि ती चार माणसंही जातील."

साहेबांनी थ्रॉटल पुढे ढकलला. बोटीने नाक उचललं. मी रेलिंगला धरून ट्रॉलरवर फेकायची दोरी, हीव्हिंग लाइन, तयार ठेवली. पाच मिनिटांनी, अर्धा तास झालेला नसतानाही, दत्ताने रीडिंग दिलं.

"आरपीएम चोवीसशे. प्रेशर सत्तर. नॉर्मल."

लॉग लिहिणाऱ्या पोराने लिहिलं. पुन्हा पाच मिनिटांनी तेच. ट्रॉलरवरचे चेहरे दिसायला लागले. एक म्हातारा होता, त्याने हात जोडले होते. आणखी एकदा रीडिंग आलं. "प्रेशर सत्तर. नॉर्मल." मग त्याच दमात, दोन वर्षांत ड्युटीवर पहिल्यांदा, मालवणीत, "भाऊ, आवाज बदललो."

मी ओरडलो, "भायर ये रे मेल्या!" साहेबांचा हात थ्रॉटलवर गेलेला मी बघितला. थ्रॉटल पुरता मागे यायला वेळच मिळाला नाही. खालून घणासारखा एक घाव ऐकू आला, डेक पायाखाली उसळला आणि इंजिन रूमच्या झाकणातून काळा धूर आला. पोर्ट इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला होता. दत्ता त्याच बाजूला होता.

मी आणि आणखी एकाने आग विझवून त्याला वर आणलं. जीव नव्हता. बोट आडवी झाली होती. उजवं, स्टारबोर्ड इंजिन साहेबांनी हळू चालवून बोट कशीबशी वाऱ्याला तोंड करून धरली. तेवढंच जमलं. ट्रॉलर आमच्या डोळ्यांदेखत खडकावर चढला आणि तिथे फुटला. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं. चौघांपैकी एकही मिळाला नाही.

दहा दिवसांनी जवळच्या कट्टा गावच्या एसटी स्टँडवर आमच्या नावाचं पार्सल आलं. एक इंची होज, दोन वेटोळी. मीच जाऊन उतरवून घेतलं. कंडक्टर म्हणाला, "जड आसा हो, काय आसा ह्यात?" मी पार्सल खांद्यावर घेतलं.

चौकशी झाली. लेफ्टनंट रानड्यांनी खरं ते सांगितलं, मीही सांगितलं. दुसरा गेज परवानगीशिवाय लावला होता, म्हणून त्याचं रीडिंग धरलं नाही. धरलं ते लॉगमधलं. शेवटच्या क्षणापर्यंत प्रेशर सत्तर, नॉर्मल, असं खुद्द परबनेच सांगितलं होतं ना? मग तेलाची तक्रार नव्हती. निकाल आला, इंजिन रूमच्या देखभालीत कसूर. माणूस मेला तो मेला, वर त्याच्याच तोंडचा शब्द त्याच्या माथी मारला. साहेबांची बदली झाली. निकाल बदलावा म्हणून त्यांनी पुढे दोन अर्ज केले, ते फेटाळले गेले.

धामापूरला मी गेलो. दत्ताचे वडील पेंढ्या रचलेल्या भाताच्या उडवीपाशी उभे होते. बसा म्हणाले नाहीत.

"माका एकच सांग. माझ्या झिलाची चूक होती?"

मी त्यांना सगळं सांगितलं, दत्ताने सांगितलं होतं तसंच, तळं आणि पाट. म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे पाणी तळ्यात होता, माडाक पोचला नाय. मगे ता तेंका कळला नाय?"

"कळला, आबा. सगळ्यांका कळला."

त्यानंतर दरवर्षी दिवाळी उलटली की मी धामापूरला जायचो. आधी भगवतीच्या देवळात, मग त्यांच्या घरी. मला बघितलं की आबा विचारायचे, "निकाल बदललो?" मी म्हणायचो, "नाय, आबा." "बरां. चाय घे." आम्ही चहा प्यायचो आणि मी निघायचो. मी रिटायर झालो तरी हे चालूच होतं. मागच्या वर्षी आबा गेले. यंदा मी गेलो तर घराला कुलूप. निकाल तोच आहे आणि आता तो बदलणार नाही, हे मला ठाऊक आहे. तसा विचारणाराही कोणी उरला नाही.

त्या ट्रॉलरवर चार जण होते. त्यांची नावं त्यांच्या घरच्यांकडे आहेत. आमच्याकडचं नाव मी लिहून ठेवतो. लीडिंग मेकॅनिक दत्ताराम परब, धामापूर. त्याने सत्तर सांगितलं, कारण काटा सत्तरावर होता. इंजिनात तेल नव्हतं.