बाबन्याच्या खुणा आणि तो एकच बॅकअप

आधीच सांगून ठेवतो – खाली कमेंटमध्ये कुणी मला नारळ उतरवून टाकायला सांगितलं, तर उत्तर मिळणार नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आज नाही, आणि हे लिहून झाल्यावरही नसेल. आमच्या वाडीत अर्ध्या लोकांना खाडीकडच्या वाटेवर देवचार, म्हणजे गावाचा राखणदार आत्मा, दिसलेला आहे. मला त्याच वाटेवर आजवर फक्त शेजाऱ्यांचा कुत्रा भेटला... आणि तो चावला.

ठिकाण – मालवणहून देवबागला जाणारा रस्ता. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीत आमची वाडी. वेळ – भरदुपार. अमावस्या नाही, पाऊलवाट नाही, पांढरी साडी नाही. मी बनियनवर, समोर चहा.

मुंबईत सतरा वर्षं एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळून मी गावी आलो. दोन खोल्यांचं होमस्टे चालवतो. पण वाडीत माझी ओळख 'सर्वरवालो दाजी'. कारण माझ्या जेवणघरातल्या फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी, एक जुना लॅपटॉप चोवीस तास चालू असतो. त्यावर एक फुकटचं, ओपन-सोर्स सॉफ्टवेअर – अख्ख्या वाडीचे फोटो, बारशांचे व्हिडिओ, रेकॉर्डिंग्ज त्यात. आपल्या वस्तू आपल्या घरात, कुठल्या कंपनीच्या दारात जायला नको, यावर मी येईल त्याला भाषण देतो. लॅपटॉपची बॅटरी मात्र वड्यासारखी टम्म फुगली म्हणून केव्हाच काढून टाकली होती. म्हणजे वायर काढली की लॅपटॉप बंद. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बाबन माझा शाळेपासूनचा दोस्त. मासेमारी करायचा. आमच्या समुद्रात पाण्याखाली खडपं, म्हणजे खडक, आहेत, तिथे गोबरे, तांबोशी असे मोठे मासे मिळतात. पण वरून सगळीकडे सारखंच पाणी. मग जुनी माणसं किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत आणून जागा ओळखतात. अमुक माड तमुक टेकडीच्या खाचेत बसला की जाळं टाक. याला खुणा म्हणतात. बाबनकडे बापाकडून आलेल्या एकोणचाळीस खुणा होत्या. त्याचा फोन दुसऱ्यांदा खाडीत पडला तेव्हा त्याने त्या सगळ्या आवाजात रेकॉर्ड करून मला पाठवल्या.

"जीपीएसमध्ये घाल ना रे," मी म्हटलं.

"होय तर! उद्या मशीन दुरुस्तीक गेला काय तो मेकॅनिकच थय जाळी टाकतलो. तुझ्याकडेच ठेव. तुका पोहूक पण येणा नाय, तू काय चोरतलंस!"

मी त्याला अभिमानाने दाखवलं – रोज सकाळी सहाला आपोआप बॅकअप होतो, बाहेरच्या डिस्कवर, आणि हिरवी टिकली येते. बाबन समुद्रात जाण्याआधी नांगराचा अख्खा दोर हातातून ओढून बघायचा, वितीवितीने. त्याने टिकलीकडे बघितलं न बघितलं केलं.

"ओढून बघितलंस कधी?"

"काय?"

"दोर रे. आसा म्हणान चलणा नाय. ओढून बघूक व्हया."

मी हसलो. हा मला बॅकअप शिकवणार!

त्या दिवाळीनंतर बाबन गेला. बोट ओढता ओढता वाळूतच बसला, तो उठलाच नाही. दहाव्याच्या आदल्या रात्री वादळी वारा सुटला, खांब पडले, तीन दिवस गावात वीज नव्हती. मी लॅपटॉपची वायर काढून गुंडाळून ठेवली आणि माझा इन्व्हर्टर बाबनच्या घरी नेऊन दिला.

दहाव्याला आम्ही सगळे किनाऱ्यावर. पिंड ठेवला, कावळा माडावर, पण खाली येईना. बाबनच्या भावाने – विनूने – बोट विकणार नाही म्हणून सांगितलं. कावळा ढिम्म. वहिनीने लेकीचं नाव घेतलं. ढिम्म. बाबनची बहीण मस्कतला, तिचा व्हिडिओ कॉल माझ्या फोनवर, तो मी पिंडासमोर धरून उभा. हात भरून आलेला, आणि तिकडून दर मिनिटाला, "दाजी, इलो काय रे कावळो?" शेवटी मी वैतागून पुटपुटलो, "बाबन्या, तुझ्यो खुणा माझ्याकडे आसत. एक पण जाऊक देऊचंय नाय. जेव आता."

कावळा उतरला.

वाडीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, साडेबारा वाजत आले, त्याला भूक लागली. आजही तेच म्हणतो.

नऊ महिने गेले. बाबनची मुलगी ज्योती, बीकॉम झालेली, तिने ठरवलं की बोट आपण चालवायची. नारळी पौर्णिमा झाली की काकाबरोबर समुद्रात. विनू मात्र आता ढेपाळला होता. "खुणा गावल्यो तर बोट ऱ्हवात," तो म्हणाला, "नाय तर गिऱ्हाईक बघतंय. आंधळेपणान समुद्रात जावचंय नाय." ज्योती माझ्याकडे आली. पौर्णिमेला चार दिवस होते.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? एकोणचाळीस फाइली पेनड्राइव्हवर घालून दिल्या असत्या. मी म्हटलं, "थांब गो, नवीन व्हर्जन इला हा. त्यात बोललेलं शोधता येतं. 'गोबरो' लिहिलंस की बाबा जिथे गोबरो म्हणाले तिथेच उघडेल! दुपारी ये."

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं होतं – इतक्या जुन्या व्हर्जनवरून थेट नवीनवर उडी मारू नका, आधी मधल्या व्हर्जनवर या, आणि त्याही आधी बॅकअप परत उघडतो का तपासा. हे मी वाचलं. नंतर वाचलं, एवढंच. मी थेट उडी मारली. डेटाबेस अर्धा बदलला आणि अडकला. मग घाबरून मी 'सगळं साफ करून नव्याने' हा मार्ग धरला. त्याने विचारलं, जुना डेटा काढून टाकू? मी म्हटलं, टाक – बॅकअप आहे ना!

बॅकअपचं फोल्डर उघडलं. रोजची एक फाइल. आकार शून्य. तिच्या मागची शून्य. तिच्या मागचीही. गेल्या गणपतीत मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि बॅकअपच्या स्क्रिप्टला सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून ती बिचारी रोज सकाळी रिकामी फाइल बनवून मला हिरवी टिकली लावत होती... आणि मी खूश. त्याआधीच्या चांगल्या फाइली, जागा वाचवायला मीच लावलेल्या नियमाप्रमाणे, दहा महिने झाल्यावर आपोआप पुसल्या गेल्या होत्या.

चॅटमधले जुने ऑडिओ दाबून बघितले. उत्तर आलं – फाइल उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. पाठवणारा नव्हता, आणि त्याचा फोनही तिसऱ्यांदा खाडीत गेलेला.

ज्योती दारात उभी होती. माझं तोंड बघून तिला कळलं असावं.

"काका, गेल्यो?"

मी मान हलवली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली. म्हणाली, "बाबांचो आवाज पण त्यातच होतो."

काहीतरी करत असल्यासारखं दिसावं म्हणून मी ते फोल्डर खाली सरकवत राहिलो. शून्य, शून्य, शून्य... आणि मध्येच एक – अकरा जीबी.

तीच एक. बाकीच्या सगळ्या सकाळी सहाच्या. ही दुपारी बारा सव्वीसची. तारीख – बाबनच्या दहाव्याची.

मी फोनमध्ये मस्कतचा कॉल शोधला. बारा चारला लागलेला, बारा एकतीसला संपलेला. म्हणजे बारा सव्वीसला मी किनाऱ्यावर फोन धरून उभा होतो. गावात वीज नव्हती, इन्व्हर्टर बाबनच्या घरी, लॅपटॉपला बॅटरी नाही, वायर गुंडाळलेली.

फाइल परत लावली. चालली. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस. पहिलीच लागली आणि जेवणघरात बाबन बोलला, "वाकडो माड टेकडेच्या खाचीत बसलो काय इंजिन बंद कर..." ज्योतीने पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडावर धरली. मी लोणच्याची बरणी पुसत बसलो.

आता तर्कट मंडळी, या! पुण्याचा माझा एक मित्र यातला मुरलेला माणूस. म्हणाला, लॅपटॉपचं घड्याळ चुकलं असणार, फाइल नंतर कधीतरी बनली असणार. ठीक. मग त्यात त्या दिवसापर्यंतचं सगळं आहे आणि नंतरचं एक अक्षर नाही, ते का? माझे नऊ महिन्यांचे फोटो, होमस्टेच्या पाहुण्यांचे, माझ्या हातच्या माशांच्या तिखल्याचे, सगळे कायमचे गेले. आणि जुना पासवर्ड चालत नसताना हाच एक बॅकअप कसा झाला? मित्र म्हणाला, "बघून सांगतो." अजून बघतोच आहे.

वाडीचं मत तुम्ही ओळखलं असेल. मी त्यांच्याशी भांडतो. ज्योतीला म्हटलं, "तुझो बापूस शिकलो सातवी. तेका डेटाबेसचो पासवर्ड खय म्हायत?"

ती म्हणाली, "तुमच्यावर भरवसो आसतो तर बाबा कित्याक येतले, काका?"

पौर्णिमेनंतर ती विनूबरोबर गेली आणि तिसऱ्या दिवशी माझ्या पायरीवर हातभर गोबरा ठेवून गेली. बोट आहे अजून. तिच्या पेनड्राइव्हवर खुणा आहेत, माझ्याकडे तीन ठिकाणी आहेत, आणि ती अकरा जीबीची फाइल मी जागेवरून हलवलेली नाही. घाबरून नाही. अशीच.

काल परत नवीन व्हर्जन आलं. मी सूचना दोनदा वाचल्या, बॅकअप घेतला, तो दुसऱ्या मशीनवर उघडून एकोणचाळीस खुणा शेवटपर्यंत ऐकल्या. वितीवितीने. मग बटण दाबायच्या आधी खिडकीतून माडाकडे बघितलं.

कावळा होता. असणारच! कोकणात कावळ्यांना काय तोटा?

तरी तो उडेपर्यंत मी थांबलो.