नदी आटली की

आमच्या गावात पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचं ते मिराब ठरवतो, आणि आमचा मिराब सैफुल्लो. तोंडाचा भारी फाटका. पाळीवरून भांडायला आलेल्याला असा झापायचा की तो मुकाट फावडं उचलून घरी जायचा. पण हे पुराआधीचं.

त्या उन्हाळ्यात नदी एका सकाळी अचानक आटली. सैफुल्लो खूश. "आयती संधी आहे," म्हणत त्यानं हशर बोलावला. हशर म्हटला की गावकीच्या कामाला घरटी एक माणूस येतोच. सगळे पात्रात उतरून कालव्याच्या तोंडाचा गाळ उपसू लागले. वर डोंगर ढासळून पाणी तुंबलंय, हे कोणाच्या ध्यानीमनी असणार? दुपारी ढासळलेल्या मातीचा तो बांध फुटला. चिखलदगडांच्या लोंढ्यात अकरा माणसं गेली, त्यात सैफुल्लोचा धाकटा भाऊ. सैफुल्लो चहा प्यायला काठावर आला होता, म्हणून वाचला. गावानं त्याला बोल लावला नाही, मिराबही तोच ठेवला. मेलं, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदा मुनिराबाई शाळेतल्या मुलांना पुराची जागा आणि कालवा दाखवायला घेऊन आल्या. मुलं पात्रात उतरून गाळाचे थर बघत होती, आणि सैफुल्लो त्यांना माहिती सांगत होता. एका मुलीनं विचारलं, "काका, पूर येणार हे आधी कळतं का हो?"

"कळतं. नदी आटते," सैफुल्लो म्हणाला, आणि त्यानं नदीकडे पाहिलं. पाणी उतरत होतं.

तो ओरडत सुटला. मुलांना बखोटीला धरून वर ओढलं. त्या गडबडीत त्याच मुलीचा हात मोडला. संध्याकाळपर्यंत सगळे टेकडीवर बसून राहिले. पूर काही आला नाही. वरच्या गावानं पाळी नसताना पाणी आपल्या शेतात वळवलं होतं, एवढंच.

मुलीचा बाप भांडलासुद्धा नाही. "वय झालं आता तुमचं, काका," म्हणाला आणि गेला.

आठवड्याभरानं नदी पुन्हा आटली. गावातली तरणी पोरं गाळ उपसायला फावडी घेऊन निघाली. पुढे परवीज, सैफुल्लोच्या गेलेल्या भावाचा मुलगा.

"थांबा रे. वर कोणीतरी जाऊन बघून येऊ द्या," सैफुल्लो म्हणाला.

"वरच्यांनीच वळवलंय, काका. की आज माझा हात मोडायचाय?" परवीज म्हणाला, आणि सगळे हसले.

शपथेवर सांगावं तर सैफुल्लोला तरी कुठे ठाऊक होतं? पोरं उतरली. तो काठावर नुसता उभा राहिला. भावाचं पोर खाली, आणि आपलं कोणी ऐकत नाही.

मग फावडं घेऊन तोही उतरला. सगळ्यांना ओलांडून रांगेच्या पार वरच्या टोकाला गेला, परवीजच्याही पुढे, आणि डोंगराकडे तोंड करून गाळ उपसू लागला.