न उचलायचा फोन

सत्यवतीकाकी लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आता माझी निवृत्ती जवळ आली आहे आणि तिने सत्तरी ओलांडली आहे. गोव्यातल्या लाटंबार्से गावात तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक फणस आणि एक विहीर, एवढंच अंतर आहे.

काका १९७९ साली वारले. मुलगा गोकुळदास तेव्हा दुसरीत होता. त्याच वर्षी काकी सांखळीच्या वाटेवरच्या एका काजू कारखान्यात कामाला लागली आणि सत्तावीस वर्षं तिथे राहिली. कोकणीचं आंदोलन झालं, घटक राज्य झालं, खाणींचे चांगले दिवस आले. काकी सकाळची सातची बस पकडत राहिली. घराच्या मातीच्या भिंती उतरवून चिऱ्याच्या घातल्या, त्या तिने. गोकुळ शिकला, नोकरीला लागला आणि फोंड्याला घर करून राहिला. काकी इथेच राहिली. घरात कोकणी बोलायची आणि श्रावणात मराठी पोथी वाचायची, चष्मा न लावता.

२०१८च्या श्रावणात ती तुळशीपाशी शेवाळावरून घसरून पडली. मी ऑफिसात, माझी बायको बाजारात. दोन तास ती अंगणात पडून होती. हाड मोडलं नाही, पण गोकुळ घाबरला. चतुर्थीला सगळे जमले तेव्हा दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याने एक खोका तिच्यासमोर ठेवला. आत मोठ्या काचेचा मोबाईल होता.

"आई, ह्यो तुका. रोज सांजेला सात वाजतां मी फोन करणार. तू उचलायचा. माझा चेहरा पण दिसेल."

"तुझो चेहरो म्हाका म्हायत आसा," काकी म्हणाली. सगळे हसले.

"मस्करी नको. दिवाळीपर्यंत बघूया. तुला जमलं तर तू इथेच रहा. नाही जमलं तर फोंड्याला यायचं. परत इथे एकटी पडलीस तर लोक मला विचारतील."

काकीने फोन दोन्ही हातांनी घेतला, देवाला दाखवला आणि कपाटात पोथीच्या फडक्यावर ठेवला.

गोकुळच्या मुलीने, सेजलने, जाताना आजीला सगळं शिकवलं. हिरवी खूण वर सरकवायची, बस. सेजलने स्वतः करून दाखवलं तेव्हा ती लगेच सरकली. मग आजीची पाळी. आजीने बोट सरकवलं, काही झालं नाही. पुन्हा सरकवलं. सेजल म्हणाली, "आजी, इतक्या जोरान न्हय गो, तो काय खोबरं खवणं न्हय." आजीने हळू सरकवलं. तरी नाही. "सवय होईल," गोकुळ म्हणाला, आणि ते गेले.

सवय झाली नाही. रोज सात वाजता पलीकडच्या घरात फोन वाजायचा, वाजून थांबायचा, आणि मग माझा वाजायचा.

"दादा, आईला जरा बघ रे."

मी विहिरीला वळसा घालून जायचो. काकी पाटावर बसलेली असायची, फोन समोर, आणि ती त्याच्यावरून बोट फिरवत असायची, भाकरीवरचं पीठ झटकावं तसं. मी बोट लावलं की फोन उघडायचा. ती माझ्याकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. तिसऱ्या आठवड्यात मी जाईपर्यंत ती जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, जाऊन उभी राहू लागली. फोन आत वाजत असायचा.

"प्रयत्न तरी कर गे काकी," मी एकदा म्हणालो.

"करतां न्हय? दुपारीं सुद्धां करतां," ती म्हणाली. "म्हातारेची मत उरूंक ना, आनी कितें."

मला ते पटलं. तिचं डोकं आता शिकत नाही, असंच मीही समजलो, आणि गोकुळलाही तसंच सांगितलं. आज वाटतं, पोथीचे पन्नास अध्याय वाचणाऱ्या बाईबद्दल हे सांगताना मी जरा थांबायला हवं होतं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गोकुळ गाडी घेऊन आला. काकीने कपडे एका पिशवीत भरले होते. भांडी घासून पालथी घातली होती. काजूची पाच झाडं मी बघावी, असं तिने मला दोनदा सांगितलं होतं. रडणं वगैरे नव्हतं. सेजल ओसरीवर बसून आजीच्या फोनशी खेळत होती.

"शेवटचं एकदा बघूया, आई," गोकुळ म्हणाला. मला वाटतं, नंतर मनाला लागून राहू नये म्हणून. त्याने सेजलकडून फोन घेतला, सेजलला स्वतःच्या फोनवरून तो वाजवायला लावला, आणि आईचं बोट आपल्या हातात धरून काचेवरून नेलं. अगदी सेजल न्यायची तसं. काही झालं नाही. त्याने पुन्हा नेलं. मग फोन बाजूला ठेवला आणि ते बोट उलटं करून बघितलं.

बोटाचं टोक काळपट, चकचकीत आणि कडक होतं, चामड्याच्या तुकड्यासारखं. त्यावर एकही रेष नव्हती. बाकीची बोटंही तशीच.

"हे असं कधीपासून?"

"तूं शाळेंत वतालो तेन्नाचें. काजीच्या सालीचें तेल तें, कात जाळटा. राख लायली तरी चड उपेग ना." तिने हात सोडवून घेतला. "रेशनाच्या मशिनाक पण हांव दिसना. तो दुकानकार म्हणटा, काकी, तुमी मनीस काय भूत-देवचार?"

सेजल हसली, मग वाकून आजीची बोटं बघू लागली. "बाबा, म्हणजे आजीला येतं. फोनला आजी येत नाही."

गोकुळचं शिक्षण कशावर झालं हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. बोट मात्र त्याने पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "आई, चप्पल घाल. डिचोलीला जाऊया."

"पिशवी?"

"पिशवी हांगाच उरूं."

मीही बरोबर गेलो. डिचोलीच्या बाजारातल्या दुकानदाराने म्हाताऱ्या माणसांसाठी म्हणून बटणांचे चार फोन काढले आणि गोकुळला त्यांचे गुण सांगू लागला. गोकुळने चारही आईपुढे सरकवले. "तिला विचारा. वापरणार ती."

काकीने डोळे मिटले. एकेक फोन हातात घेऊन तिने बटणं दाबली. पहिले दोन परत केले. तिसरा कानाशी धरून दाबला, पुन्हा दाबला.

"ह्यो."

"चौथ्याचे आकडे जास्त मोठे आहेत, आजी," दुकानदार म्हणाला.

"तो वाजना. ह्यो टक्क करून वाजता. काज बरी फुटली काय ना, तें आमी कानानच वळखतालीं."

एक आकडा दाबून धरला की गोकुळला लागेल, अशी सोय दुकानदाराने करून दिली. काकीने तिथेच दाबला. गोकुळच्या खिशात फोन वाजला, आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे बघत ती म्हणाली, "लागलो."

त्या संध्याकाळी गोकुळ आणि सेजल दोघेच फोंड्याला गेले. काचेचा फोन सेजलकडे गेला.

सातचा फोन काही दिवस चालला. मग काकीनेच तो बंद करायला लावला. रोज सांजेला काय बोलायचं, आणि दिवेलागणीला तिला दिवा लावायचा असतो. तिने वेगळी पद्धत घातली. सकाळी पावाची टोपली घेऊन पोदेर येऊन गेला की ती बटण दाबते. फोंड्याला दोन घंट्या वाजतात आणि ती बंद करते. आपण आहोत, एवढंच कळवायचं. गोकुळ फोनकडे बघतो आणि दाढी पुरी करतो.

एकदा त्याने तो चुकून उचलला. मी त्या वेळी काकीच्या ओसरीवर दूध द्यायला गेलो होतो. पलीकडून "हॅलो" आलं आणि काकी पाटावरून उठलीच.

"कित्याक उखललो रे? कितें जालें? सेजल बरी आसा मरे?"

"काही नाही, आई. चुकून हात लागला."

"चुकून न्हय. खरें सांग."

त्याने पुन्हा तेच सांगितलं, चुकूनच हात लागला म्हणून. मग सेजलला फोनवर आणून बोलायला लावलं. काकीने तिचा आवाज ऐकला, बटण दाबलं, टक्क वाजलं, आणि ती पाव कपड्यात गुंडाळायला बसली.