वाणात गेलेला गेम

संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार. रक्कम सात हजार चारशे रुपये. उपस्थित वीस पाहुण्या बायका आणि माझी बायको. मी उपस्थित नव्हतो, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषांना घराबाहेर काढायची पद्धत जयपुरातही पाळली जाते, निदान आमच्या मानसरोवरच्या फ्लॅटमध्ये तरी. वैशालीने मला चार वाजता बाहेर काढलं आणि मी समोरच्या बागेत बाकावर जाऊन बसलो. ऊन छान होतं, मूंगफलीवाला होता, मनात कसलीही चिंता नव्हती. आयुष्यात पुढे इतका निश्चिंत मी कधी बसेन असं वाटत नाही.

मला एक छंद आहे. वय एकावन्न, विद्यापीठाच्या लेखा विभागात नोकरी, आणि छंद हातात मावणाऱ्या व्हिडिओ गेमचा. गोळीबाराचे गेम मी खेळत नाही (हात थरथरतात). माझे गेम कोड्यांचे. ठोकळे सरकवा, नळ जोडा, किल्ली शोधा. बाजारात नवीन यंत्र किंवा नवीन कोडं आलं की मी ते खेळून बघतो आणि माझ्यासारख्याच सात-आठ मंडळींच्या ग्रुपवर प्रामाणिक अभिप्राय लिहितो. बटणं टणक आहेत की भुसभुशीत, पडदा उन्हात दिसतो का, बॅटरी किती तास टिकते, कोडं अक्कल वापरायला लावतं की नुसतं छळतं. लोक माझ्या मताला मान देतात. ग्रुपवरचे लोक, घरातले नव्हे.

घरात माझा दुसराच लौकिक आहे. दोन हजारांवरचा कुठलाही खर्च दोघांच्या संमतीने आणि तीन दुकानांचे भाव काढून करायचा, हा नियम घरात मी आणला. या नियमाखाली वैशालीचं कणीक मळायचं यंत्र दिवाळीपासून अडकून पडलं होतं, कारण तिसरा भाव मिळत नव्हता. शिवाय मी इथल्या मराठी मंडळाचा खजिनदार. गणपतीच्या प्रसादात घातलेल्या कोथिंबिरीचीही पावती मागणारा म्हणून जयपूरभरचे मराठी लोक मला ओळखतात. पावती मी खरोखरच मागितली होती.

अशा माणसाने सात हजार चारशेचं यंत्र बायकोला न सांगता ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं.

यंत्र मात्र देखणं होतं. साबणाच्या डबीएवढं, शेंदरी रंगाचं, बटणं अशी की दाबताना नुसतं ‘टिक्’ ऐकायलाच बरं वाटावं. त्यात एक नवा कोड्यांचा गेम होता. काळोखा बंगला, हातात कंदील घेतलेली एक मुलगी, आणि तिने जड पेट्या ढकलत दारापर्यंत वाट करायची. एकदा ढकललेली पेटी परत ओढता येत नाही. चूक झाली की कंदील थोडा मंद होतो आणि मागे कुणीतरी श्वास घ्यायला लागतं. चूक वाढेल तसा श्वास जवळ येतो. मी हा गेम जेवणाच्या सुट्टीत, पाठ भिंतीला लावून खेळायचो. एकतिसाव्या लेव्हलला मी अडकलो होतो आणि तो श्वास आता मला लिफ्टमध्येही ऐकू यायला लागला होता.

यंत्र घरी आणलं, तर ठेवायचं कुठे? कपाट वैशाली आवरते. माझ्या बॅगेत चार्जर शोधायला आमची मुलगी इरा हात घालते. तेवढ्यात वाण आलं. बापू बाजारातून वैशालीने सांगानेरी छापाची पंचवीस चेनवाली पाउचं आणली होती आणि प्रत्येकात लाखेची एकेक छोटी डबी घातली होती. खोक्यात नीट भरून ठेवायचं काम तिने माझ्यावर सोपवलं. कारण मोजायचं म्हटलं की आमच्या घरात मीच.

माझं गणित असं होतं. पाहुण्या वीस, पाउचं पंचवीस, उरणार पाच. सगळ्यात खालच्या पाउचातली डबी काढून तिथे यंत्र ठेवलं तर रविवारभर त्याला कुणी हात लावणार नाही. सोमवारी काढून घ्यायचं. गणितात चूक नव्हती. आजही नाही.

फक्त वैशालीने पाउचं एकेक करून वरून उचलली नाहीत. तिने खोकं परातीत उलटं केलं.

हे मला इराकडून कळलं. बागेतून परत आलो तर टेबलावर पाच पाउचं होती. मी ती चाचपली. पाचही डब्यांचीच. इराने विचारलं, “बाबा, क्या हुआ? मतलब, काय शोधताय?” मी म्हटलं, मोजतोय. यावर आमच्या घरात कुणी पुढे विचारत नाही.

त्या संध्याकाळी वैशाली सोफ्यावर पाय वर घेऊन बायकांच्या ग्रुपवरचे निरोप मोठ्याने वाचत होती आणि मी समोर बसून प्रत्येक ‘टिंग’ला घाबरत होतो. कुणी लिहिलं, डबी किती गोड. कुणी डबीत बांगडी ठेवून फोटो पाठवला. मी आतल्या आत एकेक नाव खोडत होतो, अगदी नळ जोडायच्या कोड्यासारखं. जेवायची वेळ झाली तेव्हा तीन नावं उरली होती. शेजारच्या मोघे वहिनी, मिलिटरी स्टेशनमधल्या मेजर शिंद्यांची स्मिता, आणि शास्त्री नगरच्या डॉक्टर काकू.

आता फोन करून विचारावं, तर काय विचारणार? दिलेलं वाण परत मागायचं नसतं हे मलाही कळतं. आणि यंत्र निघालं तर ती बाई पहिला फोन कुणाला करणार? वैशालीला. “अगं, एवढं महाग वाण!” नुसत्या कल्पनेने माझ्या कानामागे कुणीतरी श्वास घ्यायला लागलं.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली. मोघे वहिनींकडे मंडळाच्या वर्गणीचं निमित्त काढून गेलो. पाउच समोरच फ्रिजवर होतं. सहज म्हणून डबीचं कौतुक केलं, तर त्यांनी ती उघडून आतल्या लवंगा दाखवल्या. एक लवंग दिलीसुद्धा. ती चघळत मी स्कूटर मिलिटरी स्टेशनकडे वळवली.

तिथे गेटवर एक हवालदार होता. त्याने नाव विचारलं, ते सांगितलं. मग काम विचारलं. वाण म्हणजे काय, हे मी त्याला हिंदीतून समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“देने आए हैं कि लेने?”

मला खोटं बोलता येत नाही. निदान गणवेशासमोर तरी येत नाही. मी म्हणालो, “देखने.”

“देख के क्या करेंगे?”

“वही वाला निकला तो… बदलना है.”

त्याने फोन उचलला. “मैडम, नेने साहब आए हैं. मराठी मंडल के खजांची. जो सामान कल दिया था, उसे वापस ले जाएँगे.”

मी हात हलवून नाही नाही म्हणत होतो, पण त्याने ते अभिवादन समजून मानही हलवली. पाच मिनिटांत स्मिता स्वतः स्कूटीवरून आली. तिने पाउच दोन्ही हातांनी, देवीला ओटी द्यावी तसं माझ्यापुढे धरलं. आत डबी होती, हे मला चाचपून कळलं.

“घ्या भाऊजी,” ती म्हणाली. “खर्च जास्त झाला असेल तर सांगायचं ना. आम्हाला काय समजत नाही का?”

मी पाउच परत द्यायला गेलो, तोवर मागे ट्रक आला आणि हवालदाराने मला बाजूला घेतलं. स्मिता गेली. वाण माझ्या हातात राहिलं. हे असं काही होईल, ही भीती मला आदल्या रात्री वाटलेल्या भीतींमध्ये नव्हती. ही नवीनच होती!

शास्त्री नगरला पोहोचेपर्यंत माझा फोन खिशात सारखा थरथरत होता. मी तो बघितला नाही. डॉक्टर काकू मूळच्या नागपूरच्या, इथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं भूल देऊन निवृत्त झालेल्या. दार उघडंच होतं. काकू खिडकीशी उन्हात बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात शेंदरी रंगाचं काहीतरी होतं.

“या नेने, बसा. वैशालीला सांगा, असं वाण मला उभ्या आयुष्यात मिळालं नाही. कालपासून हेच करून राहिली मी. चष्म्याचा नंबर वाढेल आता.”

मी विचारलं, कितवी लेव्हल.

“चव्वेचाळीस.”

मी खाली बसलो. बसायलाच हवं होतं. अडकल्यासारखं होत नाही का, श्वासाची भीती वाटत नाही का, असं मी चाचरत विचारलं. काकू म्हणाल्या, श्वास ऐकू येतोय तोवर कशाला घाबरायचं? त्यांची सगळी नोकरी तो ऐकण्यात गेली. थांबला की घाबरायचं.

तेवढ्यात फोन वाजला. इरा होती. ती अगदी हळू बोलत होती, म्हणजे वैशाली जवळच होती. “बाबा, घरी पाउच येतायत. मतलब, वापस. दोन ऑटोवाले भैया देऊन गेले, एक मोघे आंटी स्वतः आल्या. स्मिता आंटीने ग्रुपवर लिहिलं, और अब सब बोल रहे हैं, तुम्ही खर्च वसूल करताय. आई काही बोलत नाहीये. तुम्ही लवकर या ना.”

काकूंनी ऐकलंच होतं. फोनचा आवाज मी नेहमी मोठा ठेवतो. मी त्यांना सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, लोकांचा यावर विश्वास कसा बसला असेल?

“का नाही बसणार?” काकू म्हणाल्या. “पाच रुपयांच्या पावतीसाठी तुम्ही मला दोनदा फोन केला होता.”

मी हिशेब मांडून पाहिला. गप्प बसलो तर यंत्राचं गुपित राहतं. पण मग वैशाली कायमची ती बाई होणार, जिच्या नवऱ्याने दारोदार जाऊन वाण परत आणलं. पुढच्या संक्रांतीला ती कुणाला बोलावणार आणि कोण येणार? बोललो, तर तिची लाज वाचते आणि माझी जाते. दोन्ही बाजूंना पेट्या, मागे श्वास, आणि ढकललेलं परत ओढता येत नाही. मी यंत्र न घेताच उठलो. काकूंनीही ते पुढे केलं नव्हतं.

घरी टेबलावर आता एकूण आठ पाउचं होती. स्मिताचं ठेवलं, नऊ झाली. वैशाली पाउचांकडे बघत होती, माझ्याकडे नव्हे. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बंगला, पेट्या, खोकं, हवालदार, काकू. मध्ये कुठेही थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

“किती?” तिने विचारलं.

“सात हजार चारशे.”

“किती भाव काढले होते?”

“दोन.”

“म्हणजे नियमात बसत नाही.”

“नाही.”

ती पाउचं एकेक करून सरळ लावायला लागली. त्या शांततेत तो श्वास ऐकू आला असता तर मला सोबत वाटली असती. इरा दाराआडून बघत होती. मग वैशाली म्हणाली, “लोकांना वाटलं मी दिलेलं परत मागते. बावीस वर्षांत मी कुणाकडून उसनी साखरसुद्धा मागितली नाही हो.” एवढंच म्हणाली, आणि मला पहिल्यांदा कळलं की मी घाबरत होतो ते भलत्याच गोष्टीला.

मग तिने स्वतःचा फोन उचलला, बायकांच्या ग्रुपवर तात्पुरतं मला घेतलं, आणि सांगितलं, लिहा. मी लिहिलं. सगळं, रकमेसकट. ‘वाण कुणीही परत मागितलेलं नाही. मी माझं खेळणं शोधत होतो.’ ‘खेळणं’ हा शब्द तिचा. मी ‘यंत्र’ लिहिलं होतं, तिने ते खोडायला लावलं. मिनिटाभरात ग्रुपवर इतके हसरे चेहरे उमटले की फोन गरम झाला. मेजरसाहेबांनी स्मिताच्या फोनवरून खास सलाम पाठवला. वैशालीने ते सगळं वाचलं, आणि शेवटी तिच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला. मग तिने मला ग्रुपमधून काढून टाकलं.

परत आलेली पाउचं मी स्वतः, तिळगूळ घेऊन, घरोघर जाऊन दिली. गेटवरच्या हवालदाराला वेगळा तिळगूळ दिला. त्याने विचारलं, “अब क्या लेने आए हैं?”

यंत्र काकूंकडेच राहिलं. वाण ते वाणच, असं वैशालीचं म्हणणं पडलं, आणि या घरात सध्या तिचं म्हणणं चालतं. ग्रुपवरचा माझा अभिप्राय अर्धाच राहिला असता, पण काकूंनी दर रविवारी तासभर खेळायची परवानगी दिली आहे. एकतिसावी लेव्हल त्यांनी मला शिकवली. पहिली पेटी ढकलायचीच नसते.

शेवटी दिलेली रक्कम अशी. कणीक मळायच्या यंत्राचे आठ हजार नऊशे, दुकानदाराला, पहिल्याच दुकानात, पहिल्याच भावाला. आणि दर रविवारी पाव किलो गजक, म्हणजे इथली तिळाची चिक्की, डॉक्टर काकूंना, माझाच गेम मला खेळायला दिल्याबद्दल. त्याची पावती मी अजून मागितलेली नाही. भीती वाटते.